कुजबुजमास्तरांचं फ्रेंच

चाळीस वर्षं रंगमंचावर काम केलं आणि ज्यांचा आवाज एकाही प्रेक्षकाने ऐकला नाही, अशी माणसं नाटकाच्या जगात मोजकीच असतात. त्यांतला पहिला मान कुजबुजमास्तरांचा. त्यांना खरं नाव होतं, पण ते पत्राच्या पाकिटापुरतं उरलं होतं. नाटकवाले, शेजारी, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळे त्यांना कुजबुजमास्तरच म्हणत, आणि त्या नावाने कुणी हाक मारली की ते छाती जराशी पुढे काढून वळत.

ते प्रॉम्प्टर होते. पहिल्या विंगेत, पडद्याच्या दोरीखाली, एक तीन पायांचं स्टूल, पंजाएवढा एक दिवा आणि मांडीवर नाटकाची वही. नट बोलता बोलता अडला की पुढचा शब्द पुरवायचा. तो असा पुरवायचा, की नटाच्या कानात नेमका पडावा आणि पहिल्या रांगेतल्या गृहस्थांना वाटावं, कुठेतरी खिडकी उघडी राहिली असेल.

त्यांची वही बघण्यासारखी असे. खाली शाईने लेखकाची ओळ आणि तिच्या डोक्यावर पेन्सिलीने नटाची. कारण कुठलाही नट लिहिलंय तसं बोलत नाही. कंपनीचा मिशीवाला नायक तर मुळीच नाही. लेखकाने लिहिलेलं असे, ‘आपल्या आगमनाची मी आतुरतेने प्रतीक्षा करीत होतो.’ आणि मिशीवाला दहाव्या प्रयोगापर्यंत त्याचं ‘किती वेळ लावलास’ करून मोकळा झालेला असे. तो अडला आणि त्याला शाईतली ओळ दिली, तर तो आणखीच गोंधळे. त्याच्या जिभेवर बसलेली ओळच त्याला द्यावी लागे. म्हणून पेन्सिल. वहीत तिसरीही एक खूण होती, एक बारीकसा गोल. त्या गोलाची हकिकत पुढे येईल.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा स्टूल आणि दिवा घरी घेऊन आले. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, खिडकीसमोर शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. बायकोने स्टूल पाहिलं आणि विचारलं, आता यावर कोण बसणार. मास्तर म्हणाले, असू दे. ती स्वतः तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दोन माणसांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हे तिचं काम. त्यामुळे ती मोजकं बोले, पण जे बोले ते नेमकं लागे.

त्यांची एकुलती एक लेक लग्न करून दूर, फ्रेंच बोलणाऱ्या देशात गेलेली. तिला एक मुलगी, सात वर्षांची. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं होतं भिंगरी. लहान असताना भिंगरी आजोबांशी आपल्या भाषेत तुटकतुटक बोलायची. मग ती शाळेत जायला लागली आणि आईची भाषा तिच्या तोंडातून दुधाच्या दातांसारखी एकेक करून गळून पडली. आता तिला थोडंफार कळे, बोलता मात्र येत नसे. दर रविवारी दुपारी चार वाजता फोन यायचा. पडद्यावर भिंगरीचं कपाळ आणि तिच्या खोलीचं छत दिसायचं, लेक मध्ये दुभाषी म्हणून बसायची आणि आजोबा-नातीचं बोलणं पाच मिनिटांत आटपायचं.

अडुसष्टाव्या वर्षी मास्तरांनी ठरवलं, फ्रेंच शिकायचं.

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी एक जाडजूड व्याकरण आणलं. पुठ्ठा निघालेला, पानं पिवळी, पण छपाई ठसठशीत. नाटकाची संहिता पाठ करावी तसं त्यांनी ते अकरा महिने पाठ केलं. सकाळी क्रियापदं, दुपारी वाक्यं, संध्याकाळी खिडकीत उभं राहून उजळणी. समोरचा शिवणयंत्रवाला आपल्या बायकोला सांगू लागला, की मास्तरांना बहुतेक परत काम मिळालंय, राजाचं दिसतंय.

ते काही खोटं नव्हतं. एका रविवारी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसले आणि त्यांनी भिंगरीला फ्रेंचमध्ये सलग चार वाक्यं ऐकवली. शब्दाला शब्द शुद्ध. आपल्या भाषेत सांगायचं, तर पहिल्या दोन वाक्यांत त्यांनी त्या सात वर्षांच्या पोरीला विचारलं होतं, ‘हे प्रिय बालिके, आपण कशा आहात? आजचा दिवस आपण कसा व्यतीत केलात?’

कपाळ स्थिर राहिलं. मग खुदकन हसू आलं आणि भिंगरीने आईला काहीतरी भरभर विचारलं. लेक म्हणाली, “बाबा, ती विचारतेय, आजोबा गोष्टीतले राजे झालेत का?”

मास्तरांना ती दाद वाटली. त्यांनी मान लववून तिचा स्वीकारही केला. पण त्यानंतर भिंगरी जे बोलली, त्यातलं एक अक्षर त्यांच्या हाती लागलं नाही. अकरा महिने पाठ केलेल्या भाषेतलं एक अक्षर नाही. ती बोलत होती तो पाण्याचा नळ होता आणि मास्तरांच्या हातात होती चाळणी.

पुढच्या रविवारी त्यांनी आणखी तयारी केली. भिंगरीने वाक्य सुरू केलं, ती मध्ये थांबली, आणि मास्तरांनी ताबडतोब पुढचा शब्द दिला. अगदी बरोबर, व्याकरणातला. ती गप्प झाली. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. चौथ्या रविवारी लेक म्हणाली, ती अंघोळीला गेलीय. पाचव्या रविवारीही अंघोळच निघाली. सहाव्या रविवारी पुन्हा तेच ऐकल्यावर मास्तरांची बायको फोन ठेवून म्हणाली, “एवढ्या अंघोळी तर बदकंसुद्धा करत नाहीत.”

याच सुमाराला लेकीने एक गोष्ट सांगितली. दोन महिन्यांनी भिंगरीची मोठी सुट्टी होती आणि तेव्हाच लेकीला नोकरीतलं महिनाभराचं प्रशिक्षण होतं. तो महिना भिंगरीने आजी-आजोबांकडे यावं, असं लेकीच्या मनात होतं. पण पोरगी नाही म्हणत होती. तिथे मी कुणाशी बोलू, असं तिचं म्हणणं होतं. मी तिला जबरदस्तीने पाठवणार नाही, लेक म्हणाली, महिनाअखेरीला काय ते सांगते.

म्हणजे चार रविवार उरले होते.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक बाई फ्रेंचची शिकवणी घेत. पस्तिशीच्या, थर्मासमधून चहा पिणाऱ्या, बोलताना फळ्याला पाठ टेकवून उभ्या राहणाऱ्या. पाठीवर खडूची अक्षरं उमटायची, त्याची त्यांना पर्वा नसे. मास्तरांनी त्यांना आपली चार वाक्यं म्हणून दाखवली. बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

“काका, तुमचं फ्रेंच कडक इस्त्रीचं आहे,” त्या म्हणाल्या. “एक सुरकुती नाही. पण घरात कुणी असं कडक कपडे घालून बसत नाही हो.”

मग त्यांनी समजावलं. तुम्ही जो भूतकाळ वापरता तो फक्त पुस्तकात राहतो. मुलांना तो परीकथेतून माहीत असतो, म्हणून तुम्ही राजा झालात. नकार लिहिताना क्रियापदाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन शब्द लागतात, बोलताना आधीचा बहुतेक वेळा घरीच राहतो. ‘आम्ही’साठी पुस्तकात एक शब्द आहे आणि लोकांच्या तोंडात भलताच. शेवटची अक्षरं तर लिहायची आणि विसरून जायची. मास्तर म्हणाले, म्हणजे आमच्या दरबाराच्या प्रवेशातले भालेकरी, कपडे सगळे, संवाद एक नाही. बाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी पुढच्या वर्गात आपलं म्हणून सांगितलं.

“हे बघा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावर ‘मला माहीत नाही’ असं फ्रेंचमध्ये लिहिलं. चार शब्द, ठळक अंतरं सोडून. “तुम्ही हे कसं म्हणता?”

मास्तरांनी चारही शब्द स्वच्छ, सुटे सुटे म्हटले. ज, न, से, पा.

“आणि तुमची नात म्हणते, शेपा. खलास. एका घासात.”

 मास्तर उठून घरी गेले, ट्रंकेतून जुनी वही काढून आणली आणि बाईंपुढे उघडली. खाली शाई, वर पेन्सिल. ते म्हणाले, “बाई, मी हेच काम चाळीस वर्षं केलंय. आणि या खेपेला फक्त शाई पाठ करून बसलो.”

त्या दिवसापासून त्यांनी नवी वही केली. एक ओळ सोडून एक ओळ फ्रेंच लिहायचं आणि बाईंनी ऐकवलेल्या संभाषणांतून लोक प्रत्यक्षात काय बोलतात ते वरच्या ओळीत, आपल्या लिपीत, पेन्सिलीने. ‘आज काय केलंस’ याचं ता फे क्वा. ‘मी इथे आहे’ याचं श्वी ला. पुस्तकात कुठेच नसलेले ‘बँ’ आणि ‘अऽऽ’ असे आवाज, जे फ्रेंच माणूस दर दुसऱ्या वाक्याला काढतो, तेही त्यांनी टिपले, पण त्यांच्याखाली शाईने काय लिहावं हे न कळल्यामुळे तिथे जागा रिकामी सोडली. घरात सराव सुरू झाला. बायकोने त्यांतला एकच शब्द उचलला. चष्मा कुठंय, शेपा. भाजी काय करतेस, शेपा. दोन दिवसांत मास्तरांना तो शब्द नकोसा झाला, पण उच्चार तिचाच जास्त बरोबर आहे, असं बाईंनी फोनवर ऐकून सांगितलं.

उरलेल्या चारांपैकी दोन रविवार यात गेले. तिसऱ्याला लेकीने बाबापुता करून भिंगरीला फोनवर आणलं. मास्तरांनी सदऱ्याऐवजी घरातला बनियन घातला होता आणि सगळ्या भालेकऱ्यांना घरी पाठवून त्यांनी विचारलं, ता फे क्वा?

कपाळ खाली झुकलं आणि पहिल्यांदाच दोन डोळे दिसले. मग ती सुटली. शाळेत कुणीतरी कसला तरी डबा आणला होता, त्यात काहीतरी होतं, ते हरवलं. मास्तरांना निम्मं कळत होतं. निम्मं म्हणजे केवढं तरी. मग भिंगरी थांबली. अऽऽ, म्हणाली. मास्तरांनी शब्द दिला. इस्त्रीचा नव्हे, घरातला, अगदी पेन्सिलीचा. ती पुढे दोन शब्द बोलली, पुन्हा थांबली. मास्तरांनी पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा डोळे वर गेले, कपाळ आलं, छत आलं, आणि खोलीत पावलं वाजत लांब गेली.

मास्तरांना काही उमजेना. उच्चार बरोबर होता. शब्द बरोबर होता. वेळसुद्धा अचूक साधली होती. त्यांनी लेकीला विचारलं, आता माझं काय चुकलं ते तिला विचार. लेक आत गेली, परत आली, आणि खाली बघत म्हणाली, “जाऊ द्या ना बाबा.”

“सांग.”

“ती म्हणते, आजोबा माझी वाक्यं माझ्याआधी संपवतात.”

फोन बंद झाल्यावर खोलीत शिवणयंत्रवाल्याच्या दुकानातली टकटक तेवढी ऐकू येत होती. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती वाटाणे सोलत होती.

“माझीही वाक्यं चाळीस वर्षं तुम्हीच संपवताय,” ती म्हणाली. “मला सवय झाली. ती लहान आहे.”

यात राग नव्हता, हेच मास्तरांना जास्त लागलं. ते उठून खिडकीशी गेले. आणि तिथे उभं असताना त्यांना तो गोल आठवला.

तो त्यांच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातला प्रयोग होता. कंपनीच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्य नटी, शेवटच्या अंकात मुलाचं पत्र वाचून दाखवत. एका वाक्यापाशी त्या थांबल्या. तरुण प्रॉम्प्टर वहीवर वाकला. त्याने शब्द दिला. त्या बोलल्या नाहीत. त्याने जरा मोठ्याने दिला. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. बाईंनी प्रवेश कसाबसा पुरा केला. पडदा पडल्यावर त्या विंगेत आल्या, आणि सगळ्यांना वाटलं आता याचं काही खरं नाही. पण त्या त्याच्या स्टुलाशेजारी फळीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मी विसरले नव्हते रे. मी तिथेच होते.”

मग त्यांनीच त्याला शिकवलं. नट विसरतो तेव्हा त्याचा भार मागच्या टाचेवर जातो. तो मुद्दाम थांबतो तेव्हा भार पुढे असतो, चवड्यावर. तुला विंगेतून आमचं तोंड दिसत नाही, टाचा दिसतात. त्या बघ. त्या रात्रीपासून अशा प्रत्येक जागी मास्तर वहीत एक गोल काढू लागले. गोल म्हणजे, इथे बोलू नकोस. हे माणूस इथेच आहे.

पुढे गोल ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी उरला नाही. मिशीवाला म्हणायचा, मास्तर नटाच्या टाचेवरून त्याच्या घरातलं भांडणही सांगतील. आणि त्याच मास्तरांनी नातीच्या प्रत्येक ‘अऽऽ’वर झडप घातली होती. नव्या भाषेचा धाक असा, की गप्प बसलं तर आपल्याला काही येत नाही असं वाटेल. त्या भीतीपायी त्यांनी समोरच्या छोट्या माणसाचा श्वासच उचलून नेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकवणीच्या बाईंना विचारलं, हा अऽऽ लिहिण्यात का येत नाही. बाई म्हणाल्या, कारण लिहिणारा एकटा असतो. तो पाहिजे तेवढा थांबू शकतो, कुणी उठून जात नाही. बोलणाऱ्याला मात्र सांगावं लागतं, की थांबा, मी अजून आहे.

मास्तरांनी नवी वही उघडली. ‘बँ’ आणि ‘अऽऽ’च्या खाली ज्या जागा रिकाम्या सोडल्या होत्या, तिथे त्यांनी शाईने एकेक गोल काढला.

शेवटचा रविवार आला. मास्तरांनी स्टूल फोनसमोर आणलं. बायकोने एक वाटाणा त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, तोंडात धरा, चावायचा नाही. मास्तर म्हणाले, मी काय लहान आहे. मग त्यांनी तो तोंडात धरला.

कपाळ आलं. मास्तरांनी वाटाणा गालात सरकवून एवढंच विचारलं, त्या डब्यातलं पुढे काय झालं? आणि गप्प राहिले.

भिंगरीने आईकडे पाहिलं असावं. मग ती सांगू लागली. डब्यात गोगलगाय होती. ती कुणाची तरी होती, आणि ती हरवली म्हणून सगळ्या वर्गाने बाकांखाली रांगून शोधली. आणि मग, भिंगरी म्हणाली, अऽऽ.

मास्तरांना शब्द माहीत होता. भिंत. पुढे भिंतच येणार, गोगलगाय दुसरीकडे कुठे जाते. शब्द जिभेवर आला, वाटाण्याला टेकला. बायकोने काही न बोलता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. समोर टाचा दिसत नव्हत्या. पण पडद्यावर भिंगरीच्या फ्रॉकचा खांदा दिसत होता, आणि तो पुढे झुकलेला होता.

शांतता लांबली. खाली शिवणयंत्रवाल्याची टकटकही थांबली.

“ते ला?” भिंगरीने विचारलं. आहेस ना?

“श्वी ला,” मास्तर म्हणाले. आहे.

आणि गोगलगाय भिंतीवर नव्हतीच. ती शाळेतल्या बाईंच्या कोटाच्या कॉलरवर बसून दिवसभर वर्ग बघत होती. मास्तरांच्या हातून ती गोष्ट चुकीच्या जागी संपली असती. ते इतके हसले, की वाटाणा गिळला गेला आणि ठसका लागला. मग तिकडे भिंगरी हसत सुटली आणि इकडे बायको पाठीवर थापट्या मारत बसली.

ठसका गेल्यावर मास्तरांनीही गोष्ट सांगायला घेतली, विंगेत शिरलेल्या मांजराची. मधेच त्यांना पडद्याच्या दोरीला काय म्हणतात ते आठवेना. ते अऽऽ म्हणाले. भिंगरीला शब्द माहीत होता, तिच्या ओठांवरून दिसत होतं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि वाट पाहिली. मास्तरांनी शेवटी ‘मोठी नाडी’ असं काहीतरी म्हटलं. तिला ते पुरलं.

तेवीस मिनिटं झाली होती. लेक या वेळी दुभाषी म्हणून एकदाही मध्ये आली नव्हती. ती मागे कुठेतरी भांडी लावत होती, आणि बहुधा तीच ती लावून लावून पुन्हा लावत होती.

संध्याकाळी तिचा निरोप आला. भिंगरीने तीन गोष्टी विचारल्या होत्या. ते मांजर अजून आहे का. आजोबांचं ते तीन पायांचं स्टूल तिला बसायला मिळेल का. आणि महिन्यात रविवार नसलेले दिवस किती असतात, कारण तेव्हाही बोलायचं असेल तर तिला तयारी करावी लागेल.

मास्तरांची बायको आतल्या खोलीतली खाट खिडकीखाली सरकवायला लागली. मास्तरांनी छोटा दिवा पुसून खाटेच्या उशाशी ठेवला, लावून पाहिला, विझवला. मग ते वही घेऊन बसले आणि त्या रविवारचं पान भरलं. नेहमीसारखं एक ओळ सोडून एक ओळ.

“एवढं काय लिहिलंत?” बायकोने खाटेच्या पलीकडून विचारलं.

मास्तर काहीतरी सांगणार होते. पण तिचं वाक्य अजून पुरं झालेलं नाही, असं त्यांना वाटलं. ते थांबले. तिने हातातली उशी खाली ठेवली, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, सावकाश पुढे म्हणाली, “मी काय म्हणत होते, मलाही शिकवाल का? शेपाच्या पुढचं.”

मास्तरांनी वही तिच्याकडे सरकवली. मांजराची गोष्ट सोडली, तर पानावर त्यांच्या तोंडचे जेमतेम वीस शब्द होते. बाकी सगळे गोल.